मौनेश्वराचा खून आणि दोन कवठं

चारशे माणसं एका छताखाली बसली होती आणि त्यातलं एकही बोलत नव्हतं. खरं तर चमत्कार इथंच संपला असता तरी चाललं असतं. लातूर जिल्ह्यात चार माणसं जमली की पाचव्याला बोलायला नंबर लावावा लागतो; इथं चारशे होती आणि माशी सतरंजीवर बसली तरी ऐकू येत होतं.

शिरूर अनंतपाळच्या बाहेर, तूर काढून मोकळ्या झालेल्या रानात एक मंगल कार्यालय आहे. लग्नाच्या तारखा नसल्या की ते रिकामं पडतं, आणि रिकाम्या मंगल कार्यालयात एखादा महाराज शिरायला वेळ लागत नाही. दारावर फलक होता : ‘सर्वधर्म मौन महाशिबिर. पालकांचे मौन, पाल्यांचे यश.’ खाली लाल अक्षरांत : ‘एक शब्द, एक मार्क.’

हिशोब सोपा होता. बसलेल्या प्रत्येकाचं पोरगं लातुरात कुठल्या ना कुठल्या क्लासला होतं आणि डॉक्टर होण्यासाठी नीटच्या परीक्षेला बसणार होतं. पोराच्या अंगातली शक्ती आईबापाच्या तोंडातून गळते, असा शोध मौनेश्वर महाराजांनी लावला होता. आईबापानं शिबिरात एक शब्द उच्चारला की तिकडं पोराचा एक मार्क गेला. जांभईला माफी होती. शिंकेला निगेटिव्ह मार्किंग होतं. औशाच्या एका गृहस्थाचं बोट आल्या दिवशीच जीपच्या दारात सापडलं, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून लोक त्यांच्याही पाया पडत होते.

महाराज स्वतः बारा वर्षं बोललेले नव्हते. त्यांच्या वतीनं व्यंकटराव बोलत. व्यंकटराव म्हणजे महाराजांचे प्रवक्ते. पूर्वी ते पाण्याच्या मोटारी विकत. आता मोटारीची गरज नव्हती, ते स्वतःच चालू राहत.

महाराजांनी एक बोट वर केलं.

“बघा!” व्यंकटराव माईकवर ओरडले. “एक बोट! म्हणजे परमेश्वर एक! म्हणजे परीक्षा एक! म्हणजे पालकहो, तोंड एक, आणि त्याला झाकण एक! नळ बंद करा, पालकहो! तुम्ही इकडं बोलून राहिले आणि लेकराची टाकी तिकडं रिकामी!”

महाराजांनी कान खाजवला.

“कानानं ऐकू नका, आत्म्यानं ऐका!”

महाराजांनी पुन्हा, जरा जोरात खाजवला. व्यंकटराव क्षणभर अडखळले आणि म्हणाले, “दोन्ही आत्म्यांनी ऐका.”

मंचाच्या कडेला, पाहुण्यांच्या खुर्चीवर खेमा आर्याजी बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढं, डोक्याचा गोटा, अंगावर बौद्ध भिक्खुनीचं चीवर आणि हातात वाकड्या मुठीची काळी छत्री. चीवर घेण्याआधी त्या कोंडाबाई मास्तरीण होत्या. माहूरकडच्या शाळांत त्यांची हयात गेली. इथं त्या आल्या होत्या फलकावरच्या ‘सर्वधर्म’ या शब्दामुळं. आयोजकांनी एक मौलवी ठरवले होते, ते आले नाहीत. एक फादर ठरवले होते, त्यांना त्याच दिवशी लग्न लावायचं होतं. उरल्या आर्याजी. त्यांच्या विहारात नेमानं येणारे आनंदराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले भले गृहस्थ, त्यांना हातापाया पडून घेऊन आले होते. आनंदरावांची नात लुंबिनी नीटला बसणार होती, त्यामुळं तेही आता पहिल्या रांगेत ओठ मिटून बसले होते.

आर्याजींना पोर नव्हतं. गमवायला मार्क नसल्यानं त्यांना बोलायची मोकळीक होती. दुसरी मोकळीक होती स्वयंपाकीण चांगुणाला. कारण मुक्यानं चारशे माणसांची खिचडी शिजत नाही.

म्हणून आर्याजी सकाळीच स्वयंपाकघरात जाऊन बसल्या होत्या.

“आर्याजी, जेवून घ्या लवकर,” चांगुणा म्हणाली होती. “तुमचं बारानंतर चालत न्हाई ना?”

“बाराला घास खाली गेला तर गेला. नाहीतर उद्याच.”

“बघा म्हंजे! आन् म्हाराजाच्या आधी कुणी जेवायचं न्हाई, असा इथला कायदा. तुम्ही उपाशी मरताव मग.” तिनं चुलीवरच्या पातेल्यात मोठा झारा फिरवला, हातावर खिचडी घेऊन चाखली, मीठ टाकलं, पुन्हा चाखली. “चटणी करणार हुते कवठाची. शिवरात्रीची पिकलेली कवठं ठिवली हुती इथं. त्यातली दोन मोठाली रातच्यातून गायब! मौन पाळतेत मेले, चोरी न्हाई सोडत.”

बाराला थोडा अवकाश असताना महाप्रसाद निघाला. पहिली वाटी महाराजांपुढं गेली. चारशे ताटं मांडून तयार होती, आर्याजींचं तेवढं वाढलेलं होतं. आर्याजींनी पहिला घास उचललाच होता.

महाराजांनी घास गिळला. डोळे फिरवले. तोंडातून पांढरा फेस आला. अंगावरच्या जाड शालीत त्यांनी एकदा सबंध अंग ताणलं, हात घट्ट आत ओढले, आणि मांडी घातलेली तशीच ठेवून ते लोडावर मागं रेलले. ओठ निळे झाले होते.

चारशे लोकांनी तोंड उघडलं आणि चारशे लोकांनी ते हातानं दाबलं. कुणीही किंचाळलं नाही. पोरांच्या मार्कांपुढं महाराजांचा जीव काय मोठा?

“डॉक्टर!” व्यंकटराव ओरडले. “पालकांत कुणी डॉक्टर हाय का?”

दयानंद नावाचे एक पालक उठले. ते दातांचे डॉक्टर होते. पण मेलेल्या माणसालाही दात असतातच, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. त्यांनी महाराजांचं डावं मनगट धरलं. उजवं धरलं. छातीकडं हात नेला, तसा व्यंकटरावांनी तो अडवला. “तिथं न्हाई! तिथं देव बसलेला हाय.” दयानंदांनी पुन्हा मनगट चाचपलं आणि लोकांकडं वळून दोन्ही हात हलवले. नाडी नव्हती.

“इख!” व्यंकटराव म्हणाले. “खिचडीत इख! आणि खिचडी कुणाची?”

चारशे बोटं वर झाली आणि स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभ्या असलेल्या चांगुणाकडं वळली. खुनाचा आरोप इतक्या शांततेत आजवर कुणावर झाला नसेल. ती ओरडत होती, शपथा घेत होती, आणि समोर नुसती बोटं. चौघांनी तिला नेऊन भांड्यांच्या खोलीत कोंडलं. जाताना तेही बोलले नाहीत.

“पण घाबरू नका!” व्यंकटरावांचा आवाज गहिवरला. “म्हाराजांनी कालच खूण केली हुती. तुम्ही पाहिली. त्यांनी दोनदा डोळे मिटले न् उघडले. त्याचा अर्थ मला आत्ता लागून राहिला! म्हाराज दिवस मावळायच्या आत माघारी येणार! तवर कुणी बोलू नका. एक शब्द बोलला तर पोराचा मार्क जाईलच, पर म्हाराजांची वाट बी चुकल. आन् म्हाराज परत आले की त्या बाईला माफ करतील. लई मोठं काळीज हाय त्यांचं.”

मोबाईल पहिल्याच दिवशी पोत्यात जमा झाले होते. पोलिसांना बोलवायचं तर बोलावं लागलं असतं. लोक बसून राहिले.

आर्याजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. बारा वाजून गेले होते. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. एक माणूस गेला होता आणि एक जेवण गेलं होतं, आणि त्यातलं निदान जेवण तरी नक्की गेलं होतं.

भांड्यांच्या खोलीला मागच्या बाजूनं खिडकी होती. आर्याजी तिथं गेल्या. आत चांगुणा पालथ्या घातलेल्या हंड्यावर बसली होती.

“आर्याजी, मी इख घातलं न्हाई.”

“माहीत आहे.”

“तुमाला कसं म्हाईत?”

“तू मीठ टाकताना तीनदा चाखतेस. इख असतं तर महाराजांच्या आधी तू गेली असतीस.”

चांगुणाला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. “त्यो व्यंकट्या म्हणून गेला, म्हाराज उठून मला माफ करणार हायत म्हणं. माफ केलं म्हंजे मी घातलं हुतं असंच झालं की ओ! लातुरात माझी मेस हाय. लेकरं जेवतेत माझ्या हातचं. त्यांचे आईबाप हितंच बसलेत सगळे. उद्या कोण आपलं लेकरू माझ्या ताटावर बसवील? जेल परवडलं आर्याजी. माफी न्हाई परवडत.”

“उठायच्या आधी काहीतरी करायला हवं म्हणजे.”

“मेलेलं उठतंय का कुठं?”

“मेलेलं नाही उठत,” आर्याजी म्हणाल्या आणि छत्री टेकत मंचाकडं निघाल्या.

सर्वधर्म प्रार्थना हा कार्यक्रम पत्रिकेत छापलेला होता, त्यामुळं व्यंकटरावांना त्यांना महाराजांजवळ जाऊ द्यावंच लागलं. शालीवर हारांचा ढीग घातलेला होता. छाती हलते की नाही हे त्या ढिगातून प्रत्यक्ष यमालाही दिसलं नसतं. आर्याजी समोर बसल्या, डोळे मिटले, श्वास आत घेतला.

आणि त्यांच्या पोटात गुडगुडलं.

वास येत होता. मरणाचं स्मरण हा आर्याजींच्या साधनेतला धडा होता. नांदेडच्या स्मशानात त्या कितीतरी प्रेतांसमोर तासन् तास बसल्या होत्या. प्रेताला वास येतो हे त्यांना मान्य होतं. तो पिकलेल्या कवठाचा असतो हे मात्र नवीन होतं. पोट भरलेलं असतं तर कदाचित हा वास त्यांना कळलाही नसता. पण उपाशी माणसाच्या नाकाला वकीलसुद्धा फसवू शकत नाही.

त्यांनी डोळे उघडले. महाराजांच्या हाताकडं पाहिलं. दोन्ही दंड बरगड्यांना असे चिकटलेले की मधून कागद जाणार नाही. मेलेला माणूस सैल पडतो. हात गळतो, मान कलते. हे प्रेत मात्र कवायतीला उभं असल्यासारखं आवळून बसलं होतं.

हे असं आवळून बसणं त्यांनी आणखी कुठंतरी पाहिलं होतं. स्मशानात नव्हे. दहावीच्या परीक्षेत! वर्षानुवर्षं त्यांनी पर्यवेक्षण केलं होतं. पोराच्या कानावर माशी बसते, तरी पोरगं हात उचलत नाही. पेन पडतं, तरी वाकत नाही. अशा पोराजवळ जाऊन कोंडाबाई मास्तरीण एवढंच म्हणत, “हात वर.” आणि काखेतून गणिताचं अख्खं गाइड खाली पडे.

प्रेत कॉपी करत होतं.

आता अडचण एकच होती. भिक्खुनीनं परपुरुषाला हात लावायचा नसतो. हा जर प्रेत असेल तर हात लावायला हरकत नव्हती, पण मग लावून उपयोगही नव्हता. आणि जिवंत असेल तर उपयोग होता, पण हरकत होती. आर्याजींनी या पेचावर थोडा विचार केला आणि छत्री उलटी धरली.

“व्यंकटराव,” त्या म्हणाल्या, “मृताचे हात जोडून ठेवायचे असतात. तुमच्यात आणि आमच्यातही. जोडा.”

“न्हाई न्हाई न्हाई! देहाला हात लावायचा न्हाई! आत्मा वाटेवर हाय!”

“मी हात लावतच नाही,” असं म्हणत आर्याजींनी छत्रीची वाकडी मूठ महाराजांच्या कोपरात अडकवली आणि ओढली.

कोपर हललं नाही. त्यांनी जोर लावला. प्रेतानंही जोर लावला. काही क्षण एक सत्तरीची म्हातारी आणि एक मयत माणूस यांच्यात रस्सीखेच चालली. चारशे लोक श्वास रोखून बघत होते. मग हारांचा ढीग सरकला, दंड उचकटला, आणि शालीखालून एक मोठं गोल कवठ टणकन् मंचावर पडलं. पायऱ्यांवरून टप्पे खात ते पहिल्या रांगेत गेलं आणि आनंदरावांच्या पायाशी थांबलं.

आर्याजींना वाटलं, झालं. गुन्हा उघडा पडला.

पण व्यंकटराव मोटारी विकलेला माणूस होता. “बघा!” त्यांनी माईक तोंडाला लावला. “इख! म्हाराजांनी आपल्या अंगातल्या इखाचं फळ करून बाहेर टाकलं! विषफळ! आजवर शंकरानं फकस्त गळ्यात ठिवलं हुतं!”

चारशे लोकांनी कवठाला हात जोडले. आनंदराव पाय आखडून घेऊन कवठापुढं वाकले. मागचे लोक दर्शनासाठी उठून उभे राहिले. आर्याजींना शाळेत अशी मुलं भेटली होती, पण एकदम चारशे कधी नव्हती.

“आगं बया, ते माझं कवठ हाय!” भांड्यांच्या खोलीतून चांगुणा ओरडली. “देठाकडं चाकूची खूण हाय बघा!”

कुणी बघितलं नाही. देवाच्या फळाचा देठ कोण तपासणार?

आर्याजी मंचाच्या कडेला आल्या. माईक व्यंकटरावांकडं होता. पण ज्या बाईनं पत्र्याच्या वर्गात, पत्र्यावर पाऊस पडत असताना इतिहास शिकवलाय, तिला माईक लागत नाही.

“तुम्ही सकाळपासून या माणसाकडं बघताय. तुमच्यापैकी कुणी काय पाहिलं? मला सांगू नका. शेजाऱ्याला सांगा.”

कुणी शेजाऱ्याकडं वळलं नाही.

“मला वाटतं, तुम्ही बरंच पाहिलंय. पण प्रत्येकाला वाटतंय, आपल्या एकट्याला भास झाला. मार्कांसाठी गप्प नाही बसवलं तुम्हाला. एकानं पाहिलेलं दुसऱ्याला कळू नये म्हणून बसवलंय. आत एक बाई कोंडलीय. ती खुनी आहे की नाही, हे तुमच्या तोंडात आहे. आणि तोंड बंद आहे.”

लोकांनी माना खाली घातल्या. तिसऱ्या रांगेत उज्वला नावाची एक बाई होती. तिची ऋतुजा तिसऱ्यांदा नीटला बसणार होती. आणि ऋतुजा जेवत होती चांगुणाच्याच मेसमध्ये. उज्वलानं तोंड उघडलं. मिटलं. शेजारणीनं तिचा हात घट्ट धरला. उज्वलानं डोळे मिटून, थंड पाण्यात उडी मारल्यागत, एक शब्द टाकला.

“पापणी.”

चारशे लोकांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. गेला एक मार्क!

उज्वलानं डोळे उघडले. आकाश जागेवर होतं. “पापणी हलली,” ती म्हणाली. “जेवणानंतर. मी पाहिली. मेल्यावर.”

आणि मागून एक जाडा आवाज आला, “आँ? तुमी बी बघितली? मला वाटलं माझेच डोळे गेले!” हे शिरूरचेच शेतकरी रामलिंग होते.

“मला पण दिसली!”

“उचकी लागली हुती त्यास्नी! मी म्हटलं, आत्मा जात असंल!”

“आवो, नाक खाजवलं! शालीला घासून!”

“माशी बसली तवा फुंकर मारली तिला!”

मग बांध फुटला. तीन दिवसांचं साठलेलं बोलणं होतं ते. महाराजांवरून निघालेलं बोलणं कालच्या खिचडीत मीठ कमी होतं इथपर्यंत आलं, तिथून संडासाच्या रांगेवर गेलं. औशाचे गृहस्थ बोट वर धरून “आई आई आई” म्हणून घेत होते. ते त्यांचं आल्या दिवशीचं राहिलेलं होतं. एका शब्दाला एक मार्क हे खरं असतं, तर त्या पाच मिनिटांत लातूरची सगळी पोरं शून्याच्या खाली जाऊन शाळेच्या पहिलीत पुन्हा बसली असती.

“शांत राहा! शांत राहा!” व्यंकटराव ओरडत होते. “म्हाराजांची वाट चुकून राहिली!”

“त्यांना वाट दाखवते,” आर्याजी म्हणाल्या आणि छत्रीचं टोक त्यांनी महाराजांच्या दुसऱ्या काखेत नेऊन हलकेच फिरवलं.

प्रेताचे गाल फुगले. प्रेत लाल झालं. प्रेताच्या नाकातून एक शिटी वाजली. आर्याजींनी टोक आणखी थोडं फिरवलं. दुसरं कवठ घरंगळलं, आणि त्याच्या मागोमाग असा आवाज आला की पत्रे थरथरले :

“आरंऽऽ बास्सऽऽ! बास कर की बाईऽऽ! मरतो का काय मी!”

सगळे गप्प झाले. या खेपेला मार्कांसाठी नव्हे.

रामलिंग खुर्चीवर चढले. “सटवाजी! आरं, ह्यो तर आडतीतला सटवाजी! लातूरच्या मोंढ्यात तुरीचा सौदा पुकारायचा! ह्याच्या आवाजावर तीन सालं माझी तूर गेलीया! आरं, बारा वर्सं कसली? परवाच्या दिवाळीला बोली बोलून राहिला हुता की!”

“व्हय व्हय, सटवाजीच!” दहा ठिकाणांहून आवाज आले.

तेव्हा कुठं लोकांना महाराजांच्या मौनाचा अर्थ लागला. ज्याचा आवाज जिल्ह्यातला प्रत्येक तूरवाला झोपेतसुद्धा ओळखेल, त्याला देव व्हायचं तर दुसरा इलाज काय होता? दाढी वाढवता येते, नाव बदलता येतं. गळा बदलता येत नाही.

“चमत्कार!” व्यंकटरावांनी शेवटचा जोर लावला. “म्हाराज जिवंत झाले! दिवस मावळायच्या आधीच!”

“आधी मेले कधी?” उज्वलानं विचारलं. तिला आता बोलायची चटक लागली होती.

व्यंकटराव मागं सरकले, ते मंचामागच्या कापडाच्या गुंडाळीवर पडले. गुंडाळी उलगडली. नवा कोरा फलक होता : ‘पुनर्जन्मानंतर प्रथमच लातुरात! संजीवन मौन महाशिबिर.’ शाई वाळलेली होती. महाराज मरायच्या आधीच त्यांचा पुनर्जन्म छापून आला होता.

दयानंद डॉक्टर मान खाली घालून पुढं आले. त्यांनी कवठ उचललं. “चूक माझी,” ते म्हणाले. “मी नुसतं मनगट पाहिलं. हाताकडं जाणारी रक्ताची नळी काखेतून जाते. तिथं असं काही गोल, टणक धरून दंड आवळला, की नळी दबते. मनगटाची नाडी लागत नाही. हृदय आपलं चालूच असतं. मी छाती बघायला हवी होती.”

“तिथं देव बसला हुता,” कुणीतरी म्हणालं.

“तिथं हृदय बसलं होतं. करून बघा.”

लोकांनी करून बघितलं. स्वयंपाकघरातली उरलेली कवठं आली. एक काखेत कवठ दाबायचा, दुसरा मनगट धरायचा. “आयला, गेली!” “थांब, मला मरू दे जरा!” “आवो, ह्यांची आली परत, हे उठले!” आनंदराव दोनदा मेले आणि दोनदा परत आले, आणि दुसऱ्या खेपेला त्यांना आपलंच हसू आवरेना. आर्याजींनी एक ओलं फडकं उज्वलाकडं दिलं. तिनं ते सटवाजीच्या ओठांवरून फिरवलं, तशी फडक्यावर कपड्याची नीळ उतरली. फेस कशाचा होता ते सटवाजीनं आपणहून सांगितलं; खायचा सोडा आणि लिंबू. तो इतक्या दिवसांनी बोलत होता की त्याला थांबवणं अवघड झालं. “मला म्हटले, फकस्त दिवस मावळंस्तवर मरायचं हाय,” तो सांगत होता. “सौद्यात काय मिळतंय आता? हितं निदान पाया पडतेत.”

खून झाला नव्हता, एवढाच काय तो गुन्हा झाला होता. डॉक्टरांनी पोत्यातून आपला मोबाईल शोधून पोलिसांना फोन लावला. व्यंकटरावांना त्याच खोलीत ठेवलं, जिथून चांगुणा बाहेर आली.

ती बाहेर आली आणि खिचडीच्या पातेल्याजवळ उभी राहिली. माणसं गोल करून उभी राहिली. सगळ्यांना भूक लागली होती. खिचडीत इख नव्हतं, हे सगळ्यांना कळलं होतं. तरी ताट कुणी पुढं करेना. डोक्याला कळलेलं हाताला कळायला जरा वेळ लागतो.

आनंदराव म्हणाले, “आर्याजी, तुम्ही पहिला घास घ्या. मग लोकांना भरोसा येईल.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगुणानं आशेनं आर्याजींकडं पाहिलं. आर्याजींच्या पोटानं होकार दिला, मोठ्यानं.

“नाही,” आर्याजी म्हणाल्या.

चांगुणाचा चेहरा उतरला.

“बारा वाजून गेलेत, हे एक. दुसरं म्हणजे मी खाल्लं तर तुम्ही चांगुणावर भरोसा ठेवणार नाही, माझ्या चीवरावर ठेवाल. सकाळी त्याच्या शालीवर ठेवला होता, दुपारी माझ्या कापडावर. म्हणजे महाराज तेवढा बदलला, तुम्ही होता तिथंच. मला विचारू नका. विचार करा. ही खिचडी आज कुणी खाल्ली?”

लोक एकमेकांकडं बघू लागले.

“ह्यानं,” उज्वलानं सटवाजीकडं बोट दाखवलं.

“आणि त्याला काय झालं?”

उज्वला सटवाजीकडं बघत राहिली. तो गुडघ्यावर हात ठेवून, पातेल्याकडं बघत ओठ चाटत होता. “काहीच झालं न्हाई की!” ती म्हणाली. “आवो, ज्याला इख घातलं तोच धडधाकट हाय! ह्याच्याहून मोठी परीक्षा कुठली? वाढ चांगुणाबाई. वाढ मला.”

तिनं घास घेतला. चावला. सगळे बघत होते.

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

“तीनदा चाखलं मी!” चांगुणा उसळली. “आन् तू गार झाल्यावर खातीस, मग कमीच लागंल!”

आणि त्या भांडणाबरोबर रांग लागली. भांडण लागलं म्हणजे विश्वास बसला; आमच्याकडं असंच असतं. बायका ताटं घेऊन पुढं सरकल्या. “आमच्या सुकन्याला भात जास्त वाढत जा गं,” एक म्हणाली. “वाढते की, खाती कुठं ती?” चांगुणा म्हणाली आणि झारा चालवत राहिली. सटवाजीलाही वाढलं. मेलेल्या माणसानं तीन ताटं खाल्ली.

दिवस मावळायच्या सुमारास पोलिसांची जीप आली. चांगुणानं तक्रार लिहून दिली. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, हे तिला जमादारांनी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “कायदा हाय ते बरंच हाय. पर आधी ह्यांची तोंडं उघडली म्हणून जमलं.” जाताना तिनं आर्याजींच्या झोळीत एक कवठ टाकलं.

“उद्या बाराच्या आत खावा.”

“काखेतलं नाही ना?”

“त्ये दोन्ही पंचनाम्यात गेली.”

आर्याजींनी छत्री उचलली. दारात लोक पोत्यातून आपापले मोबाईल शोधत होते. सगळ्यांचं एकदम बोलणं चाललं होतं, कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि तो गोंगाट आर्याजींना कुठल्याही मौनापेक्षा बरा वाटला. त्यात खोटं लपवायला जागा नव्हती. देव करतो म्हणून सांगणाऱ्याला ‘कसं?’ एवढं विचारलं, तरी अर्धे महाराज जागच्या जागी वारतात. उरलेल्या अर्ध्यांसाठी शेजाऱ्याला विचारावं, ‘तू पण पाहिलंस का?’ त्याला ना शास्त्राची पदवी लागते, ना छत्री.

उज्वला कठड्याशी उभी राहून ऋतुजाला फोन लावत होती. पलीकडून ऋतुजा किंचाळली, ती आर्याजींनाही ऐकू आली.

“आई! तू बोलून राहिलीस! कामून बोललीस? माझं फिजिक्स व्हायचं हाय अजून!”

“तुझं फिजिक्स माझ्या तोंडात न्हाई बाई,” उज्वला म्हणाली. “तुझ्या पुस्तकात हाय. काढ पुस्तक. आन् कुठं अडलं तर सरांना विचार. गप बसू नगंस.”